उबेत चालणारा, बर्फावर अडून बसणारा ऑगर: एका टू-स्ट्रोक इंजिनाच्या तपासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या मध्यभागी मिल लॅक्स नावाचं सुमारे ५३० चौरस किलोमीटरचं उथळ तळं आहे. सगळ्यात खोल जागीही पाणी जेमतेम १३ मीटर. हिवाळ्यात ते गोठलं की बर्फावर रस्ते आखले जातात, ओढून नेता येणाऱ्या फिश हाऊसच्या, म्हणजे मासेमारीच्या झोपड्यांच्या, वस्त्या उभ्या राहतात आणि लोक बर्फाला भोक पाडून वॉलाय मासा गळाला लागायची वाट बघत बसतात. जानेवारीत बर्फ दीड-दोन फूट जाड असतो. एवढ्या बर्फात हाताने भोकं पाडायची तर पाच-सहा भोकांतच खांदे भरून येतात. म्हणून पेट्रोलवर चालणारा ऑगर. वर छोटं टू-स्ट्रोक इंजिन, मधे गिअरबॉक्स, खाली मळसूत्री पातं.

हे प्रकरण अशाच एका ऑगरचं आहे. मालक निवृत्त गृहस्थ, तळ्यापासून तासाभराच्या अंतरावर राहणारे. ऑगर ५१ सीसीचा, पातं १० इंची, वय आठेक वर्षं. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण ४०:१. इंजिनाला मारपीट झालेली नव्हती, प्लग वेळेवर बदलला जायचा, पात्याला धार होती. यंत्र नीट सांभाळलेलं होतं, फक्त एक सवय सोडून. मार्चमध्ये मोसम संपला की टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात) उरलेलं पेट्रोल तसंच राहायचं. नेमकी हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

अडचण

डिसेंबरच्या सुरुवातीला तापमान उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना ऑगर कुरकुरत चालू व्हायचा. दहा-बारा वेळा दोरी ओढावी लागायची, पण एकदा इंजिन धरलं की दिवसभर तक्रार नसायची. थंडी वाढत गेली तशी दोरी ओढण्याची संख्या वाढत गेली. जानेवारीत उणे २२ ला तो अजिबात चालू झाला नाही. चोक लावून, चोक काढून, प्रायमर बल्ब (पेट्रोल ओढणारा रबरी फुगा) दाबून, थोडा वेळ थांबून, सगळं करून झालं. शेजारच्या फिश हाऊसमधल्या माणसाने सांगितलं की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, चोक लावू नका. तसंही करून पाहिलं. शेवटी त्याच्याच ऑगरने भोकं पाडून दिवस निभावला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ऑगर दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानात हीटर चालू, आत पंधरा-सोळा अंश. रात्रभर तिथे राहिलेला ऑगर सकाळी दुसऱ्याच झटक्यात सुरू झाला. दुकानदाराने नवा प्लग बसवला, एअर इनटेक साफ केला, मिश्रणाचे स्क्रू थोडे फिरवून इंजिन गोड चालेल असं केलं आणि ऑगर परत दिला. शनिवारी तळ्यावर परिस्थिती जशीच्या तशी. पुन्हा दुकान, पुन्हा दुसऱ्या झटक्यात चालू. मालकांना वाटू लागलं की दोरी ओढण्यात आपलंच काहीतरी चुकतंय. तसं काहीही नव्हतं.

ही नुसती गैरसोयीची बाब नाही, हेही सांगायला हवं. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं पायी चालण्यासाठी किमान ४ इंच स्वच्छ, घट्ट बर्फ असावा असं सांगतं आणि पुढे जाता जाता जाडी मोजत राहायला सांगतं. जाडी मोजायची तर भोक पाडावं लागतं. मोसमाच्या सुरुवातीला ऑगर अडून बसला आणि सोबत लोखंडी पहारही नसेल, तर माणूस अंदाजावर पुढे चालतो. त्या अंदाजाने दर हिवाळ्यात लोक पाण्यात गेले आहेत.

समोर असलेले पर्याय

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा मालकांच्या मनात चार गोष्टी होत्या.

पहिली, स्टार्टिंग फ्लुइडचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या ईथरचा, फवारा. तळ्यावर हा सल्ला सर्रास मिळतो आणि बऱ्याचदा इंजिन चालूही होतं. पण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं. ईथरचा फवारा मारला की पहिले काही फेरे पिस्टन जवळजवळ कोरडा फिरतो, शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन निघतो. एखाद्या वेळी खपून जातं. रोजची सवय झाली की रिंगा आणि बेअरिंग त्याची किंमत मोजतात. मी हा पर्याय पहिल्याच बोलण्यात बाजूला ठेवला.

दुसरी, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी नवी इग्निशन कॉइल. थंडीत कॉइल दगा देते हे खरं आहे, पण ठिणगी न तपासता कॉइल मागवणं म्हणजे पैसे टाकून नशीब आजमावणं.

तिसरी, ऑगर फिश हाऊसच्या उबेत ठेवणं. यात दोन धोके आहेत. उबेत नेलेल्या गार धातूवर दव धरतं, चिकटलेला बर्फ वितळतो, ते पाणी चोकच्या पट्टीपाशी आणि टाकीच्या हवेच्या भोकापाशी शिरतं आणि बाहेर आणल्यावर गोठतं. दुसरा धोका जिवाचा आहे. यंत्र आतच असलं की ते आतच चालू करून बघायचा मोह होतो. बंद झोपडीत टू-स्ट्रोक इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड फार झपाट्याने साठतो, आणि त्याला वास नसतो.

चौथी, हा ऑगर काढून बॅटरीवरचा घेणं. यात वावगं काही नाही, बरेच लोक आता तिकडेच वळतात. पण मालकांना दिवसाला वीस-पंचवीस भोकं पाडायची असतात आणि हे यंत्र अजून धडधाकट होतं. तपास न करता ते टाकून देणं मला पटेना.

पाचवा एक सल्ला एका मित्राने दिला होता: गिअरबॉक्समधलं ग्रीस थंडीने घट्ट होतं, ते बदला. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण या ऑगरमध्ये सेंट्रिफ्युगल क्लच आहे, इंजिनाने वेग घेतल्यावरच ते पात्याला जोडणारा. दोरी ओढताना क्लच सुटलेला असतो, पातं आणि गिअर फिरतच नाहीत. ग्रीस कितीही घट्ट झालं तरी चालू होण्याशी त्याचा संबंध येत नाही.

कलाटणी देणारा निर्णय

दुकानात दोनदा झालेला तपास वाईट नव्हता, चुकीच्या तापमानाला झाला होता. म्हणून मी मालकांना एकच विनंती केली: ऑगर घरात आणू नका, पेट्रोलसकट बिनहीटरच्या शेडमध्ये रात्रभर ठेवा आणि शेजारी थर्मामीटर टांगा. सकाळी शेडमध्ये उणे १९ होतं. तपास तिथेच करायचा ठरला. बोटं बधिर होतात, हत्यारं हातातून निसटतात, आणि उणे २० चं पेट्रोल उघड्या त्वचेवर सांडलं तर काही क्षणांत हिमदंश होऊ शकतो, कारण पेट्रोल त्या तापमानालाही गोठत नाही आणि उडून जाताना उरलीसुरली उष्णताही खेचून घेतं. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे आधी, बाकी सगळं नंतर.

दुसरं ठरवलं ते असं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुकानात प्लग, सफाई आणि स्क्रू एकदमच झाल्यामुळे कशाचा काय परिणाम झाला हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तपास

चोक लावून, प्रायमर दाबून सात-आठ वेळा दोरी ओढली. साधी फुसकीसुद्धा नाही. प्लग काढला. टोक कोरडं ठणठणीत होतं, हुंगलं तर पेट्रोलचा वास नावालाच. शेजाऱ्याचं निदान इथेच बाद झालं. इंजिनात पेट्रोल तुंबलं असतं तर प्लग ओला निघाला असता. प्लग बघायला दोन मिनिटं लागतात आणि त्यावरून तपासाची दिशा ठरते, म्हणून चालू न होणाऱ्या कुठल्याही छोट्या इंजिनात मी पहिला पाना प्लगलाच लावतो.

मग ठिणगी. टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब धरून दोरी ओढली. निळी, टणक ठिणगी, दर फेऱ्याला. कॉइल निर्दोष.

अर्धा चमचा ताजं मिश्रण, तेल घातलेलंच, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सोडलं आणि प्लग बसवून दोरी ओढली. इंजिन लगेच पेटलं, दोन-तीन सेकंद भरधाव चाललं आणि विझलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. या एका चाचणीने अर्धं मैदान मोकळं झालं. ठिणगी आहे, कॉम्प्रेशन पुरेसं आहे, एक्झॉस्ट तुंबलेला नाही. फक्त पेट्रोल पोचत नाहीये.

आता पेट्रोल कुठे अडतंय? टाकीचं झाकण सैल करून पाहिलं. टाकीत हवा जायचं भोक बर्फाने बुजलं तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणं थांबतं. तळ्यावर हे वारंवार होतं. इथे फरक पडला नाही.

यानंतरची जागा फसवी होती, आणि आधीच्या तपासणीत गाडी तिथेच अडली असावी असं मला वाटतं. प्रायमर बल्ब दाबला की भरत होता, पारदर्शक नळीतून पेट्रोल टाकीत परत जाताना स्वच्छ दिसत होतं. कुणीही म्हणेल की पेट्रोल तर येतंय. पण या जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये बल्ब पेट्रोल इंजिनात ढकलत नाही. तो टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरच्या कप्प्यात भरतो, आतली हवा काढतो आणि जास्तीचं टाकीत परत पाठवतो. म्हणजे नळ्या, टाकीतला फिल्टर आणि कप्प्यापर्यंतची वाट ठीक आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. कप्प्यातून इंजिनाच्या घशात पेट्रोल उतरवायचं काम एका पातळ पडद्याचं असतं, मीटरिंग डायफ्रॅमचं.

या पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोरी ओढली की घशात जरासं शोषण तयार होतं, चोक लावला की ते वाढतं. पडदा मऊ असेल तर बाहेरच्या हवेचा दाब त्याला आत ढकलतो; तो जेवढा आत सरकेल तेवढंच पेट्रोल कप्प्यातून बाहेर पडतं, आणि त्याच हालचालीने तरफ दाबली जाऊन सुई उघडते व नवं पेट्रोल आत येतं. पडदा कडक झाला असेल तर हाताने दोरी ओढून मिळणाऱ्या शोषणाला तो बधत नाही. कप्पा काठोकाठ भरलेला राहतो आणि प्लग कोरडा. हाच पडदा पंधरा अंशांना थोडा नरम पडतो आणि इंजिन दुसऱ्या झटक्यात चालू होतं. दुकानातलं कोडं इथे सुटत होतं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि दुसरा एक उमेदवार अजून उभा होता: पेट्रोल. कॅनमधलं मिश्रण ऑगस्टमध्ये गवत कापायच्या यंत्रासाठी केलेलं होतं. अमेरिकेत उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं पेट्रोल वेगळं असतं. उन्हाळ्यात पेट्रोलच्या वाफांनी होणारं प्रदूषण कमी राहावं म्हणून बाष्पदाब (पेट्रोलची वाफ किती सहज होते त्याचं माप) साधारण ९ पीएसआयच्या आसपास बांधलेला असतो. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात तो १५ पर्यंत जाऊ देतात, कारण थंडीत इंजिन पेटायला पेट्रोलची वाफ व्हावी लागते. ऑगस्टचं पेट्रोल, तेही पाच महिने कॅनमध्ये पडून हलके घटक उडालेलं, उणे २० ला आळशी असणारच. काचेच्या बरणीत काढून पाहिलं. तळाशी पाण्याचा थर नव्हता, पण रंग गडद झाला होता आणि वास आंबटसर होता.

टाकी रिकामी करून ताजं मिश्रण भरलं. दोरी ओढली. या वेळी दोन फुसक्या आल्या, इंजिन धरलं नाही. म्हणजे जुन्या पेट्रोलचा वाटा होता, पण मुख्य दोष तो नव्हता.

शेवटची चाचणी अगदी साधी होती. शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून फक्त कार्ब्युरेटरला दहा मिनिटं टेकवून ठेवली. टाकी, सिलिंडर, पेट्रोल सगळं गारच. हीट गन किंवा ज्योत पेट्रोलजवळ नेण्याचा प्रश्नच नव्हता. पिशवी काढली, चोक लावला, दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात इंजिन चालू, आणि या वेळी चालूच राहिलं. मालकांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो मी विसरणार नाही. कित्येक आठवडे ते स्वतःच्या हातांना दोष देत होते.

दुरुस्ती

कार्ब्युरेटर उतरवून टेबलावर उघडला. जुना मीटरिंग डायफ्रॅम चिमटीत धरून हलवला तर एक्स-रेच्या फिल्मसारखा खडखडला. नवा पडदा बोटावर ठेवला की आपल्याच वजनाने वाकतो. आतल्या बारीक जाळीवर तपकिरी, वार्निशसारखा थर होता. वर्षानुवर्षं मार्चमध्ये आत राहिलेलं इथेनॉलयुक्त पेट्रोल उन्हाळाभर सुकत राहिलं, त्याचा हा परिणाम.

नवा कार्ब्युरेटर घ्यायचा की जुन्यातच दुरुस्तीचं किट टाकायचं, हा इथला छोटा निर्णय. बाजारात स्वस्त नकली कार्ब्युरेटर भरपूर मिळतात. मी किट निवडलं, कारण मूळ कार्ब्युरेटरचं शरीर उत्तम होतं आणि नकली मालात आतल्या भोकांची मापं नेमकी असतील याची खात्री नसते. किटमध्ये दोन्ही डायफ्रॅम (मीटरिंगचा आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा), गॅस्केट, सुई, तरफ आणि स्प्रिंग होती. जोडताना एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट, मग डायफ्रॅम, मग झाकण. पंपाच्या बाजूला उलटं, आधी डायफ्रॅम, मग गॅस्केट. या कामात उलटसुलट झालं तर इंजिन पुन्हा कोरडंच राहतं आणि माणूस नव्या किटला शिव्या देतो. तरफेची उंची मापपट्टीने तपासली.

स्क्रू मात्र टेबलावर असताना सुरुवातीपुरतेच लावले. खरी जुळणी तळ्यावर केली. उणे २० ची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के दाट असते. तेवढ्याच घशातून जास्त हवा आत जाते आणि उबेत बरोबर वाटलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण बर्फावर पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. दुकानात इंजिन गोड चालेल असे फिरवलेले स्क्रू चालू होणं आणखी अवघड करत होते. बाहेर लो स्पीडचा स्क्रू जरासाच उघडला, मग चोक काढल्यावर इंजिन दचकायचं थांबलं.

निकाल

उणे २० च्या आसपास ऑगर आता तिसऱ्या-चौथ्या झटक्यात चालू होतो. फेब्रुवारीत एका पहाटे उणे २९ होतं, तेव्हा जास्त वेळा ओढावं लागलं, पण चालू झाला. त्यापुढची अपेक्षा मी ठेवणार नाही. एवढ्या थंडीत कुठल्याही डायफ्रॅमचा रबर थोडा ताठतोच. किटची किंमत पंधरा-वीस डॉलर. त्याआधी दुकानाच्या दोन फेऱ्यांत गेलेले पैसे याच्या कितीतरी पट होते.

पेट्रोलही बदललं. मिनेसोटात साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतंच, पण छोटी इंजिनं, बोटी, स्नोमोबाइल आणि संग्रहातल्या जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल वेगळ्या लेबलच्या पंपावर मिळतं. मालक आता डिसेंबरपासून तेच वापरतात, कॅन लहान ठेवतात आणि त्यावर मिश्रण केल्याची तारीख लिहितात. गवताच्या यंत्राचा कॅन वेगळा.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानदाराने पहिल्या फेरीत एकच प्रश्न विचारला असता तर काम वाचलं असतं: किती थंडीत बंद पडतो? मालकांनीही ऑगर देताना नुसतं चालू होत नाही असं सांगितलं, तापमान सांगितलं नाही. दुसऱ्या फेरीला तर ऑगर दुकानाबाहेर रात्रभर ठेवून तपासायला हवा होता. यंत्र आत चालतंय आणि बाहेर नाही, एवढी माहिती हातात असताना पुन्हा आतच तपासणं हे मला या सगळ्यातलं सर्वात महागडं पाऊल वाटतं.

गरम पिशवीची चाचणी तळ्यावरही करता आली असती. थर्मासमधलं गरम पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून कार्ब्युरेटरला टेकवलं असतं तर त्या दिवशी भोकंही पडली असती आणि दोष कुठे आहे तेही कळलं असतं.

एका गोष्टीवर माझं आणि मालकांचं अजून एकमत नाही. मोसम संपल्यावर कार्ब्युरेटर पूर्ण कोरडा करून ठेवायचा की स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घातलेलं इथेनॉलविरहित मिश्रण आत ठेवायचं? कोरडा ठेवला तर पडदा सुकून आखडू शकतो, भरलेला ठेवला तर वार्निशचा धोका. मी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायच्या बाजूचा आहे; मालक भरून ठेवायच्या. यंदा त्यांनी त्यांच्या पद्धतीने ठेवलाय, आणि मीटरिंग डायफ्रॅमचं एक जादा किट ऑगरच्या पेटीत टाकून ठेवलंय. नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ धरायच्या आधी एक रात्र शेडमध्ये गार करून तो चालू करून बघायचा, एवढं मात्र आमचं पक्कं ठरलंय.